जी६पीडीसाठी डीएनए सेन्सर: जनुकातला बदल शोधायचा की एन्झाइम मोजायचं?

अनुजा_नाशिक

नमस्कार मंडळी. मी बायोटेक्नॉलॉजी शिकवते. यंदा एमएस्सीच्या मुलांकडून आनुवंशिक चयापचय-विकारातला जनुकीय बदल ओळखणारा बायोसेन्सर (जैविक घटक वापरून मोजणारं उपकरण) करून घ्यायचा विचार आहे. या विषयावर शोधनिबंधांचा ढीग आहे. सोन्याचे इलेक्ट्रोड, ग्राफीन, नॅनोकण, क्वार्ट्झचे स्फटिक, क्रिस्पर (डीएनएतली ठरावीक जागा शोधणारं तंत्र), काय म्हणाल ते आहे. त्यातलं दवाखान्यापर्यंत पोचलेलं मात्र फार थोडं. मुलांनी चार आलेख काढून प्रबंध बांधून घ्यावा एवढ्यावर माझं समाधान होणार नाही, म्हणून इथे विचारते आहे.

विकार निवडलाय जी६पीडी (ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजिनेज) या एन्झाइमची कमतरता. हे एन्झाइम लाल पेशीत एनएडीपीएच तयार करतं आणि त्यावरच त्या पेशीचं ऑक्सिडेशनपासून रक्षण होतं. एन्झाइम कमी असलेला माणूस एरवी ठणठणीत असतो. पण मलेरियासाठी प्रायमाक्वीन घेतलं, की लाल पेशी फुटायला लागतात, डोळे पिवळे होतात, लघवी काळपट येते. जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, त्यामुळे त्रास जास्त करून मुलग्यांना. जगभरात या जनुकातले दोनशेहून अधिक बदल नोंदलेले आहेत, पण भारतात प्रामुख्याने तीन आढळतात (ए, सी, जी, टी ही डीएनएची चार अक्षरं, म्हणजे बेस): मेडिटेरेनियन (५६३व्या जागी सीचा टी), केरळ-कल्याण (९४९व्या जागी जीचा ए) आणि ओरिसा (१३१व्या जागी सीचा जी). म्हणजे तीन बदलांचे प्रोब (त्या जागच्या डीएनएला जुळणारे आखूड तुकडे), एक पट्टी आणि बोटातून थेंबभर रक्त.

प्रश्न असा, की ही पट्टी खरोखर कोणाच्या उपयोगी पडेल का? माझं मत, पडेल. जनुक काही बदलत नाही. एकदा तपासलं की जन्मभराचं उत्तर मिळालं. डॉक्टर, तंत्रज्ञ, पालक, सगळ्यांनी लिहा. मत विरोधात असेल तर आधी लिहा.

निरामय

मी बालरोगतज्ज्ञ आहे, कोकणात प्रॅक्टिस करतो. विरोधात मत मागितलंय म्हणून स्पष्ट लिहितो.

माझ्यासमोर पिवळं पडलेलं चार दिवसांचं बाळ असतं तेव्हा मला त्याच्या लाल पेशीत एन्झाइम किती आहे ते हवं असतं. ५६३व्या जागी सी आहे की टी, हा प्रश्न त्या घडीला माझा नसतो. एन्झाइम मोजायची सोय आज आहे. जुनी फ्लुरोसंट स्पॉट टेस्ट आहे, कागदावरचा ठिपका अतिनील दिव्याखाली चमकला तर ठीक, नाही चमकला तर कमतरता. आता हातात मावणारं दक्षिण कोरियन यंत्रही आलंय. दहा मायक्रोलिटर रक्त, दोन मिनिटं, आणि पडद्यावर आकडा, दर ग्रॅम हिमोग्लोबिनमागे किती युनिट. तोही बायोसेन्सरच, फक्त तो जनुकाकडे न बघता कामाकडे बघतो.

दुसरं म्हणजे, तुमच्या तीनही प्रोबवर बाळ निगेटिव्ह आलं तर मी आईला काय सांगू? 'हे तीन नाहीत' एवढंच ना? चौथा कुठला असला तर? एन्झाइमच्या चाचणीला बदल कुठला आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं, कमी म्हणजे कमी. औषध द्यायचं की नाही हे कामावरून ठरतं.

कल्याणकर

एक मिनिट, एक मिनिट. केरळ-कल्याण म्हणजे आमचं कल्याण? दुर्गाडी किल्ल्याचं?

अनुजा_नाशिक

@कल्याणकर, हो, तुमचंच! केरळ आणि कल्याण हे आधी दोन वेगळे प्रकार समजले जात होते, कारण एन्झाइमचे गुणधर्म तपासून त्यांना नावं दिली होती. १९९२ मध्ये डीएनए वाचल्यावर दोन्हींत बदल एकच निघाला, ३१७व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन. मग जोडनाव पडलं.

@निरामय, हे उदाहरण तुमच्या मुद्द्यालाही उत्तर आहे बघा. नुसत्या एन्झाइमवरून एकाच बदलाला दोन नावं मिळाली होती, जनुक बघितल्यावर गुंता सुटला.

कल्याणकर

जनुकांच्या यादीत आमच्या गावाचं नाव! आज संध्याकाळी नाक्यावर सगळ्यांना सांगतो. आता स्टेशनवर बोर्ड लावा म्हणावं. चालू द्या, मी वाचतोय.

निरामय

गुंता संशोधकांचा सुटला, अनुजाताई. रुग्णाला दोन्ही नावांत औषध तेच टाळायचं होतं. :)

सर्किटराव

मी पोटेन्शिओस्टॅट बनवतो, म्हणजे या सेन्सरचा करंट मोजणारं यंत्र. डॉक्टरांच्या वादात न पडता पट्टीबद्दल लिहितो, म्हणजे इतरांनाही कळेल आपण कशाबद्दल बोलतोय.

सोन्याच्या इलेक्ट्रोडवर वीस-पंचवीस बेसचा डीएनएचा तुकडा बसवतात, तो प्रोब. त्याच्या एका टोकाला थायॉल असतं, त्यातलं गंधक सोन्याला घट्ट धरतं. मधल्या मोकळ्या जागा मर्कॅप्टोहेक्झॅनॉलने भरायच्या. ही पायरी मुलं उरकून टाकतात आणि तिथेच फसतात, कारण जागा भरली नाही तर प्रोब सोन्यावर आडवे पडतात आणि नको ते सगळं येऊन चिकटतं. मग रुग्णाचा डीएनए सोडायचा. तो जुळला तर दुहेरी धागा तयार होतो आणि मेथिलीन ब्लूसारख्या रंगद्रव्याचा करंट बदलतो. उणे पाव व्होल्टच्या आसपास टेकडी दिसते, तिची उंची मोजायची. करंट नॅनोअँपिअरमध्ये असतो.

आता खरी अडचण. आपल्याला पूर्ण वेगळा डीएनए ओळखायचा नाही, एकाच बेसचा फरक ओळखायचा आहे. बॅगेच्या चेनचा एक दात वाकडा असला तरी चेन लागते, जरा ताण दिला की मात्र नेमकी तिथे उसवते. इथे तो ताण म्हणजे तापमान आणि द्रावणातलं मीठ. ताण कमी पडला तर म्यूटंटही (बदल असलेला डीएनएही) नॉर्मलसारखा जुळून बसतो, जास्त झाला तर नॉर्मलही सुटून येतो. खोलीचं तापमान पाच अंशांनी सरकलं की निकाल सरकतो. पीएनए किंवा एलएनएचे (डीएनएसारखेच, पण जास्त घट्ट जुळणारे कृत्रिम रेणू) प्रोब घेतले तर हा फरक बराच ठळक होतो, पण ते महाग पडतात.

दुसरी अडचण प्रतींची. लाल पेशीत केंद्रकच नसतं, डीएनए पांढऱ्या पेशींतून घ्यायचा. दहा मायक्रोलिटर रक्तात धरा सत्तर हजार पांढऱ्या पेशी. एक्सवरचं जनुक, म्हणजे पुरुषाच्या सत्तर हजार प्रती, बाईच्या एक लाख चाळीस हजार. शंभर मायक्रोलिटर द्रावणात त्या आल्या की सांद्रता होते एक ते अडीच फेम्टोमोलर, म्हणजे अतिशय विरळ. 'फेम्टोमोलरपर्यंत मोजलं' असं छापलेल्या निबंधांत बहुतेक वेळा यंत्रावर बनवलेला आखूड डीएनए स्वच्छ बफरमध्ये घातलेला असतो. रक्तातला जीनोमिक डीएनए लांबलचक, गुंडाळलेला, सोबत प्रथिनांचा चिखल. त्यामुळे आधी प्रती वाढवाव्याच लागतात. पीसीआर नको असेल तर आरपीए (एकाच, कमी तापमानाला प्रती वाढवायची पद्धत) करा, ४० अंशांच्या आसपास होतं, छोटा हीटर पुरतो.

अनुजा_नाशिक

@सर्किटराव, फारच उपयोगी. आरपीएचं आम्ही धरलंच होतं. एक बेस ओळखण्याबद्दल माझी भर घालते, कारण मुलांना हे कुठल्याच पुस्तकात सरळ सापडत नाही.

मेडिटेरेनियनमध्ये सीचा टी होतो. नॉर्मलसाठी बनवलेल्या प्रोबमध्ये त्या जागी जी असतो. समोर म्यूटंट आला की जी आणि टी समोरासमोर येतात, आणि न जुळणाऱ्या जोड्यांत जी-टी ही फार चिवट जोडी, सहज सुटत नाही. तोच नॉर्मलचा प्रोब डीएनएच्या दुसऱ्या धाग्यासाठी बनवला तर सी आणि ए समोरासमोर येतात, ती जोडी कमकुवत, पटकन उसवते. म्यूटंटच्या प्रोबचं बरोबर उलटं. म्हणजे नॉर्मलचा प्रोब एका धाग्यासाठी आणि म्यूटंटचा दुसऱ्या धाग्यासाठी करायचा. प्रोबची किंमत तेवढीच, फरक मात्र ठळक होतो. कागदावरच हे ठरवून घेतलं तर प्रयोगातले कितीतरी आठवडे वाचतात.

आणि एक गंमत नोंदवून ठेवते. ज्या मेथिलीन ब्लूने आपण हा विकार शोधणार, तेच औषध म्हणून शिरेतून दिलं तर जी६पीडी कमी असलेल्याच्या लाल पेशी फुटतात.

चिकित्सक

तंत्र ऐकायला छान आहे, पण विषय 'आनुवंशिक चयापचय-विकार' असा मोठा मांडलाय, तर मोठाच प्रश्न विचारतो. फिनाइलकीटोन्युरिया घ्या, यात फिनाइलअ‍ॅलानिन हे अमिनो आम्ल शरीरात नीट मोडत नाही आणि रक्तात साचतं. त्या एका जनुकात हजारावर बदल सापडलेत. युरोपात ४०८व्या जागचा एक बदल बराच आढळतो, पण म्हणून इतरांना सोडून चालेल का? हजार प्रोबची पट्टी करण्यापेक्षा रक्तातलं फिनाइलअ‍ॅलानिन मोजणं सोपं, स्वस्त आणि पक्कं. जगभर तेच करतात. अख्खं जनुक वाचायचंच झालं तर सिक्वेन्सिंग आहे. मधल्या मधे सेन्सरला जागा कुठे उरते?

जर्सीवासी

@चिकित्सक, फिनाइलकीटोन्युरियाचं नाव काढलंत म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. १९३४ मध्ये नॉर्वेत फॉलिंग यांनी दोन मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं, हिरवा रंग आला आणि हा आजार सापडला. पण लघवीत खूण दिसेपर्यंत मेंदूचं नुकसान सुरू झालेलं असायचं. अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी टाचेतून रक्ताचा थेंब कागदावर घ्यायची पद्धत आणली. त्यांचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता आणि भाचीला फिनाइलकीटोन्युरिया. त्यांनी बॅसिलस सबटिलिस जिवाणूची वाढ रोखणारं द्रव्य आगारमध्ये (जिवाणू वाढवायच्या जेलीत) घातलं. बाळाच्या रक्तात फिनाइलअ‍ॅलानिन जास्त असेल तर रोख मोडायची आणि ठिपक्याभोवती जिवाणूंचं वलय उठायचं. १९६३ ला हे प्रसिद्ध झालं. जिवंत जिवाणू मोजमाप करतोय, माझ्या मते हाही बायोसेन्सरच. आणि ज्या वर्षी गथ्रींची पद्धत लोकांपुढे आली त्याच्या आदल्याच वर्षी, १९६२ मध्ये, क्लार्क यांनी एन्झाइम बसवलेल्या इलेक्ट्रोडची कल्पना मांडली. आजचे ग्लुकोमीटर त्याच वंशातले.

इकडे अमेरिकेत प्रत्येक बाळाची टाच टोचूनच घरी सोडतात. जी६पीडी मात्र इथल्या राष्ट्रीय शिफारशीच्या यादीत नाही, हे आपल्याकडच्या पालकांनी लक्षात ठेवावं आणि डॉक्टरांना विचारावं.

नव्या तंत्राबद्दल: २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात किआना अरान यांच्या गटाने ग्राफीनच्या ट्रान्झिस्टरवर कॅस९ (क्रिस्परमधलं डीएनए शोधणारं प्रथिन) बसवून प्रती न वाढवता जीनोमिक डीएनएतला बदल ओळखला, तो स्नायूंच्या डुशेन आजाराचा होता. २०२१ मध्ये एकाच बेसचा फरकही पकडला, सिकलसेलचा. सर्किटराव म्हणतात ती प्रतींची अडचण सुटू शकते. आणि भारतात दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या सरकारी संस्थेत फ्रान्सिसेला जिवाणूच्या कॅस९वर आधारलेली फेलूदा चाचणी झाली. तिला सप्टेंबर २०२० मध्ये कोविडसाठी मान्यता मिळाली, पण तिची मूळ ताकद एका बेसचा फरक ओळखण्यातच आहे. कागदी पट्टीवर रेघ उमटते.

सर्किटराव

@जर्सीवासी, ग्राफीनची चिप दिसायला सुंदर, पण एकसारख्या शंभर चिपा बनवणं हे काम वेगळं. आणि क्रिस्परलाही अट असते. कॅस९ला बदलाच्या शेजारी ठरावीक अक्षरं लागतात, कॅस१२ला टीटीटी लागतात. आपल्या तीन बदलांच्या शेजारी ती आहेत का हे आधी बघा. नसतील तर आरपीएच्या प्रायमरमधून घुसवावी लागतील.

मायलेक

मी शास्त्राची विद्यार्थिनी नाही, पण हा धागा माझ्याच घराबद्दल आहे असं वाटून लिहिते आहे. माझ्या मुलाला जन्मल्यावर खूप कावीळ झाली होती, निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं. घरी सोडताना फाइलमध्ये एक कागद होता, त्यावर इंग्रजीत 'जी६पीडी डेफिशियंट'. त्या रुग्णालयात कोणी बसून समजावलं नाही. औषधांची एक यादी झेरॉक्स करून दिली, तीही अर्धी पुसट. आम्ही दोघं रात्रभर मोबाईलवर वाचत बसलो आणि जास्तच घाबरलो.

नंतर एका चांगल्या डॉक्टरांनी माझी तपासणी करायला सांगितली, कारण मुलाला हे आईकडूनच येतं म्हणाले. माझं एन्झाइम नॉर्मल आलं. तेव्हापासून घरात वेगळाच विषय सुरू आहे. सासूबाई काही बोलत नाहीत, पण आत्येसासूबाई म्हणाल्या, 'आईत नाही तर आलं कुठून?' मी कुणाला काय उत्तर देऊ? माझी धाकटी बहीण आता गरोदर आहे. तिला सांगू की नको, हेही कळत नाही.

निरामय

@मायलेक, तुमची यात काहीही चूक नाही, हे आधी लिहितो.

बाईच्या शरीरात दोन एक्स असतात. प्रत्येक पेशीत त्यातलं एक गर्भावस्थेतच बंद पडतं, कुठलं ते नशिबावर. जिच्या एका एक्सवर बदल आहे तिच्या रक्तात चांगल्या आणि कमी एन्झाइमच्या लाल पेशींची सरमिसळ असते. निम्म्या-निम्म्या असतील तर आकडा मधला येतो. बदलाचं एक्स जास्त पेशींत बंद पडलेलं असेल तर आकडा चक्क नॉर्मल येतो. तुम्ही वाहक आहात आणि एन्झाइमही नॉर्मल आहे, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. मुलात बदल नव्याने होणं शक्य असतं, पण ते विरळा.

आणि अनुजाताई, तुमच्या पट्टीच्या बाजूचा हा मुद्दा मीच मांडतो. वाहक बाईचं खात्रीचं उत्तर एन्झाइम देऊ शकत नाही, डीएनएच देतो. मुलात कुठला बदल आहे ते एकदा कळलं, की आई, मावशी, मावशीचं बाळ यांच्यात तेवढाच एक शोधायचा. 'चौथा असला तर' ही माझी शंका तिथे लागू होत नाही.

मुलाच्या बाबतीत घाबरू नका. औषधं टाळली तर ही मुलं इतरांसारखीच वाढतात. डांबरगोळ्या मात्र घरातून काढा. आजीच्या पेटीतली दुपटी, लोकरीचे कपडे नॅफ्थलीनच्या वासाचे असतात, ते बाळाला तसेच गुंडाळू नका. तान्ह्या बाळाच्या हातापायाला मेंदी लावू नका, तीही अशा बाळाच्या लाल पेशी फोडू शकते. आणि प्रत्येक डॉक्टरांना आधी सांगा.

बिरडेप्रेमी

डॉक्टर, वाल चालतात का हो? आमच्याकडे चुलतभावाच्या मुलाला हेच निघालं आणि घरातून बिरडंच हद्दपार झालं. श्रावण सुना गेला. शेंगा, पावटे, वाल, सगळं बंद केलंय.

निरामय

@बिरडेप्रेमी, ज्या शेंगेने त्रास होतो ती फावा, हिंदीत बाकला. तिच्यात व्हिसीन आणि कॉनव्हिसीन असतं, ते दोषी. वाल आणि पावटा ही वेगळी वनस्पती. बिरड्यावर बंदी घालायचं कारण मला दिसत नाही. तरी त्या मुलाच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, मी त्याला बघितलेलं नाही.

बिरडेप्रेमी

तुमच्या तोंडात साखर पडो. वहिनीला स्क्रीनशॉट पाठवला आहे, डॉक्टरांचा नंबरही तिच्याकडून मिळवतो.

मांडवीकाठ

मी गोव्याचा. आमच्याकडे २००८ मध्ये सरकारने नवजात बाळांची तपासणी सुरू केली, देशात राज्य पातळीवर पहिल्यांदा. जी६पीडी त्यात होतं. मी प्रयोगशाळेच्या बाजूने थोडं लिहितो.

टाचेतलं रक्त कागदावर वाळवून पाठवायचं असतं. एन्झाइम हे प्रथिन आहे, उष्णता आणि दमटपणा त्याला सोसत नाही. पावसाळ्यात कागद नीट वाळला नाही किंवा मे महिन्यात पाकीट गाडीत पडून राहिलं, की बाळ ठणठणीत असून एन्झाइम कमी दिसतं. मग फोन करून त्या आईला परत बोलवायचं, बाळाला परत टोचायचं. फोन गेल्यापासून दुसरा रिपोर्ट येईपर्यंत त्या घरात काय चालतं ते मायलेक ताईंनी लिहिलंच आहे. डीएनए मात्र त्याच वाळलेल्या ठिपक्यात वर्षानुवर्षं टिकतो. पहिला रिपोर्ट कमी आला तर त्याच कागदातून टाचणीएवढी चकती कापून डीएनएची पट्टी चालवता आली, तर बाळाला परत न टोचता बरंच कळेल. मला अनुजाताईंची पट्टी इथे हवी आहे.

चिकित्सक

मांडवीकाठ, हा मुद्दा पटला. पण पट्टी निगेटिव्ह आली तर बाळाला परत बोलवावंच लागेल.

मांडवीकाठ

बरोबर. पॉझिटिव्ह आली तर मात्र पक्कं उत्तर. आणि मुलगी असेल तर निरामय म्हणतात तसं एन्झाइमवर विसंबताच येत नाही.

भूल_नांदेड

मी भूलतज्ज्ञ आहे. धाग्यापासून किंचित बाजूला जाते. @चिकित्सक, सेन्सरला जागा कुठे उरते याचं माझ्याकडे एक उत्तर आहे.

नळी घालण्यापूर्वी स्नायू सैल करायला आम्ही सक्सिनिलकोलीन देतो. रक्तातलं ब्युटिरिलकोलिनएस्टरेज ते काही मिनिटांत मोडून टाकतं. ज्यांच्यात हे एन्झाइम जन्मतः नसतं त्यांचा श्वास तासन्‌तास परत येत नाही, तोवर व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. आर्य वैश्य समाजात हे प्रमाण बरंच आहे आणि त्यांच्यातला बदल एकच आहे, ३०७व्या जागी ल्युसिनऐवजी प्रोलिन. समाजातल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या लग्नं झाल्यामुळे एका पूर्वजाचा बदल सगळीकडे पसरला. हा समाज आंध्र-तेलंगणात मोठा आणि आमच्या नांदेडकडेही बराच. तिथे हजार प्रोब लागत नाहीत, एक पुरतो. मी तर पेशंटला आडनावासोबत 'घरात कुणाला भुलीतून उठायला वेळ लागला होता का' हे विचारतेच.

पारशी समाजात जी६पीडी मेडिटेरेनियन जास्त आढळतो, तिथेही हेच तत्त्व. ज्या विकारात ज्या समाजात एक-दोनच बदल आहेत तिथे सेन्सर, जिथे हजार आहेत तिथे रक्तातलं द्रव्य मोजा. सगळ्या विकारांना एक न्याय लावू नका.

चिकित्सक

भूल_नांदेड, उत्तम उदाहरण. फिनाइलकीटोन्युरियाबद्दल मी मतावर कायम आहे, पण तुमची अट मान्य.

गडचिरोलीहून

मी मलेरियाच्या कामात आहे. इथे बसून हा धागा वाचताना वाटलं, आमच्याकडची गोष्ट सांगायला हवी.

व्हायवॅक्स मलेरियात प्रायमाक्वीन चौदा दिवस द्यायचं असतं, नाहीतर यकृतात लपलेले परजीवी परत उठतात. आशाताईच्या पिशवीत किट असतं, गोळ्या असतात, जी६पीडी तपासायचं काही नसतं. आम्ही शिकवतो की लघवी काळी झाली तर गोळी बंद करून लगेच कळवा. पण पाड्यावरून निरोप यायला वेळ लागतो आणि पावसात नाला भरला तर तोही येत नाही. मग काही कर्मचारी भीतीने गोळ्याच देत नाहीत, आणि तोच माणूस पुन्हा पुन्हा तापाने पडतो. आदिवासी समाजात ओरिसा प्रकार आढळतो, त्यामुळे हा प्रश्न आमच्यासाठी पुस्तकातला नाही.

टॅफेनोक्वीनचं नाव ऐकतो. एकाच डोसात काम, अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. पण ते द्यायला एन्झाइम ७० टक्क्यांच्या वर असल्याची खात्री लागते, कारण एकदा गिळलं की मागे घेता येत नाही. मधल्या आकड्याच्या बायकांना ते चालत नाही. त्यामुळे माझ्या पाड्यावर मला एन्झाइमचा आकडा सांगणारं यंत्रच हवं. डीएनएची पट्टी कितीही चांगली झाली तरी ते ७० टक्के ती सांगू शकणार नाही. निरामय डॉक्टरांशी इथे सहमत.

निरामय

@गडचिरोलीहून, सहमत, पण एक पुस्ती. तापात लाल पेशी फुटून गेलेल्या रुग्णाचा एन्झाइमचा आकडा फसवू शकतो. जुन्या, कमी एन्झाइमच्या पेशी आधी फुटतात, उरतात त्या तरुण, त्यांच्यात एन्झाइम जास्त. नॉर्मल वाटून गोळी सुरू होऊ शकते. नुकतं रक्त चढवलेलं असेल तर आकडा दात्याचा. शंका असेल तर काही आठवड्यांनी परत मोजा. नवजात बाळांतही आकडा मोठ्या माणसांपेक्षा जास्त असतो, त्यांच्यासाठी मोठ्यांची मर्यादा लावू नका.

अनुजा_नाशिक

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येते, कारण आता तो मला वेगळा दिसतो आहे.

पाड्यावर गोळी द्यायची की नाही हे ठरवायला ही पट्टी नाही, गडचिरोलीहून यांचं म्हणणं मान्य. तिथे एन्झाइमच मोजलं पाहिजे. आम्ही पट्टी तीन ठिकाणांसाठी करणार: घरात बदल माहीत असताना आई, मावशी, बहीण यांच्यासाठी, वाळलेल्या ठिपक्यात एन्झाइम कमी आलेल्या बाळासाठी, आणि रक्त फुटून गेल्यावर किंवा चढवल्यावर एन्झाइमचा आकडा विश्वासाचा नसतो तेव्हा. रक्त चढवलेलं असेल तर डीएनए गालाच्या आतल्या कापसाच्या बोळ्यातून घेऊ, म्हणजे दात्याच्या पांढऱ्या पेशींचा प्रश्नच नको.

यामुळे रचनाही बदलते. वाहक बाई ओळखायची तर 'आहे की नाही' पुरत नाही. नॉर्मल आणि म्यूटंट दोन्ही प्रोब शेजारी-शेजारी हवेत, आणि त्यांच्या करंटचं गुणोत्तर बघून तीन गट (नॉर्मल, वाहक, कमतरता) पाडता आले पाहिजेत. तीन बदल, सहा इलेक्ट्रोड आणि एक रिकामा, तुलनेसाठी. निगेटिव्ह रिपोर्टवर 'हे तीन बदल आढळले नाहीत' एवढंच छापायचं, 'नॉर्मल' हा शब्द वापरायचा नाही. क्रिस्पर पुढच्या वर्षीच्या मुलांना.

नमुन्यांसाठी परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेकडे विनंती करणार आहे. आपल्याकडच्या जी६पीडी प्रकारांवर तिथे खूप काम झालंय. आधी आमच्या नैतिकता समितीची परवानगी.

सर्किटराव

गुणोत्तराची कल्पना बरोबर आहे, एका करंटवर भिस्त ठेवू नका. दोन्ही इलेक्ट्रोड एकाच पट्टीवर, एकाच दिवशी बसवलेले हवेत. आणि संमिश्र नमुने करून बघा: दहा टक्के म्यूटंट, वीस, पन्नास. पन्नास आणि शंभरातला फरक आंधळ्या चाचणीत (नमुना कुठला ते आधी न सांगता) ओळखता आला तरच वाहकांच्या गोष्टी करा. यंत्र मी देतो, परत केलं नाही तरी चालेल.

गडचिरोलीहून

पट्ट्या तयार झाल्या की एक गठ्ठा मे महिन्यात बंद डब्यात उन्हात ठेवून मग चालवून बघा. तुमच्या प्रयोगशाळेतल्या एसीत चाललेलं आमच्याकडे चालतंच असं नाही.

मायलेक

निरामय डॉक्टर, तुमचं उत्तर मी मोठ्याने वाचून दाखवलं घरात. एक शेवटचं विचारते. माझ्या डीएनएची तपासणी आधी करायची की मुलाची? आणि बहिणीचं काय?

निरामय

@मायलेक, आधी मुलाची. त्याच्यात एकच एक्स आहे, त्यामुळे बदल स्वच्छ दिसतो. तो कळला की तुमच्यात तोच शोधायचा. रिपोर्टमध्ये बदलाचं नाव आणि जागा लिहून मागा, नुसतं 'पॉझिटिव्ह' नको.

बहिणीला आजच सांगा. तुम्ही वाहक असाल आणि बदल तुमच्या आईकडून आलेला असेल तर तीही वाहक असण्याची शक्यता निम्मी, वडिलांकडून आलेला असेल तर ती वाहक असणारच. तिच्या प्रसूतितज्ज्ञांच्या फाइलमध्ये 'बहिणीच्या मुलाला जी६पीडी कमतरता' अशी नोंद करून घ्या. बाळ झालं की पहिल्या दिवसापासून कावीळ बघतील, बिलिरुबिन वेळेवर मोजतील आणि घरी लवकर सोडणार नाहीत. तिच्या तपासणीचा निकाल प्रसूतीपर्यंत आला नाही, तरी या एका नोंदीने काम होतं.